बुडालेल्या देवघरावर यंत्र

सोलापूरच्या गिरणीत माझं काम कापड तपासण्याचं होतं. टेबलावरून कापड पुढं सरकत जायचं आणि मी त्यात तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा हुडकायचो. दिवसभर दोष काढण्याचाच पगार घेणारा माणूस घरी आल्यावर भोळा कसा होणार? दूधवाला, रद्दीवाला, एस.टी.चा कंडक्टर, कुणी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. बायको वैतागून म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाकडं तिरकं बघाल." तर अशा माझ्यावर चोरीचा आळ आला, आणि तोही देव चोरल्याचा.

आळ खरं तर माझ्या थोरल्या बहिणीवर होता, मी त्यात साथीदार. आक्का भीमेकाठच्या एका गावात दिलेली. उजनीचं पाणी चढायला लागलं तेव्हा ते गाव उठून वर माळावर नव्या गावठाणात गेलं. घर हलवायला मी रजा टाकून गेलो होतो. भांडी, धान्य, दारं-खिडक्या, आढ्याचे वासेसुद्धा ट्रकमध्ये चढले. देव मात्र घरच्या थोरल्या सुनेनं ओटीत घेऊन न्यायचे, अशी त्यांच्यात पद्धत. आक्काच्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी देवघराचं दार लोटून शेवटची पूजा केली आणि लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून तिच्या ओटीत ठेवलं. ती ट्रकमध्ये पुढं बसली, शेजारी मी. नव्या घरात सासूबाईंनी गाठ सोडली, तर आत पाच सुपाऱ्या.

त्या घराचे पाच टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुलदैवतांचे ठसे. पिढ्यानपिढ्या ते एका पितळी डबीत असायचे. आता टाकही नाहीत आणि डबीही नाही. सासूबाईंनी सुपाऱ्या अंगणात भिरकावल्या आणि अख्ख्या गावठाणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाठोडं हिच्याच वटीत व्हतं. आन् शेजारी हिचा भाऊ!" आक्का एवढंच म्हणाली की गाठोडं हलकं लागलं होतं, पण देवाचं गाठोडं वाटेत चाचपून बघायचं नसतं म्हणून तिनं हात लावला नाही. हे ऐकून तर लोकांची खात्रीच पटली. हलकं लागलं आणि तरी गप्प बसली म्हणजे काय!

तेव्हापासून आक्काला देवघरात जायची बंदी झाली. पाणी भर, भाकरी थाप, शेणघाण काढ, पण दिवा लावायचा नाही. नवरात्रात घट बसले तरी ती बाहेर चुलीपाशी. बायका तिच्यासमोर डब्यांची झाकणं लावून घ्यायच्या. ती माझी बहीण, लहानपणी शेतात कुणाची कैरी पडलेली दिसली तर मालकाला हाक मारून द्यायची. माझं रक्त उकळायचं. पुढं सासूबाईंनी ठरवलं की खंडोबाचं जागरण घालायचं, आणि टाकांशिवाय जागरण कसलं? त्यांनी आक्काला बजावलं, "जागरणाच्या आदी द्येव आन. न्हायतर भावाकडं जा, परत येऊ नगंस." दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, आईपुढं मान खाली घालून उभे होते. मला हे आक्कानं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझा संशय दाजींवर होता. देव गेले त्याच सुमाराला त्यांनी पाणी उपसायला नवी मोटर बसवली होती. पण आधी एक शक्यता मिटवायला हवी होती. घर हलवण्याच्या घाईत डबी तिथंच ढिगाऱ्यात राहिली असेल तर? उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ते घर गुडघाभर पाण्यात येतं, जोत्याचे दगड पायाला लागतात, असं आक्का म्हणाली होती. डबी सापडली तर आक्का सुटली. नाही सापडली तर मोटरला पैसे कुठून आले हे दाजींना विचारायला मी मोकळा.

गिरणीच्या रस्त्यावर एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. जमिनीतलं धातू ओळखणारं यंत्र आपण बनवतो, असं तो छातीठोक सांगायचा. परदेशी यंत्राचं नाव काढायची आपली ऐपत नव्हती, म्हणून याच्यावर भिस्त. चाळणीच्या लाकडी कड्यावर त्यानं तांब्याची तार गुंडाळली, वर मेण ओतलं, त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट आवळल्या. कड्याला बांबूची काठी, आणि गळ्यात अडकवायला एक ट्रान्झिस्टर. कडं धातूवर गेलं की ट्रान्झिस्टरमधल्या शिटीचा सूर बदलायचा. लोखंडावर सूर उतरतो, पितळ-चांदीवर चढतो, असं तो म्हणाला. मी विचारलं, पाण्यात चालेल? तो हसला. "सायेब, म्हशीसारखं डुंबंल!" एवढ्या मोकळेपणानं हसणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसत नाही.

घरी नेऊन मी पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ते बुडवलं. ते जे केकाटायला लागलं ते थांबेचना. फसवला गेलो म्हणून मी तावातावानं त्याच्या दुकानावर गेलो, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "घमेलं कशाचं हाय?" मग सोलापुरातल्याच कंबर तलावाच्या काठाला, उथळ पाण्यात, घरातली एक पितळी वाटी चिखलात पुरून पाहिली. वीतभर खोल असली तर सूर स्पष्ट चढत होता. त्याहून खाली काही नाही. मध्येच ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे बाजारभाव लागत आणि शिटी त्यात हरवून जाई. काठावर दोघे-तिघे जमले आणि मी काय पुरतोय हे बघू लागले. मी वाटी काढून घेतली आणि घरी आलो.

गावठाणात मी यंत्र घेऊन उतरलो तेव्हा माझ्याआधी बातमी पोचली होती. कुणी म्हणे मी गुप्तधन काढायला आलो, कुणी म्हणे सरकारी माणूस. सासूबाईंनी मात्र ओळखलं होतं. त्या ओसरीतच म्हणाल्या, "पाव्हणं, तुमीच आनायचं, तुमीच पुरायचं, आन् तुमीच काडायचं. असलं खेळ हितं चालायचं न्हाईत. पिशवी दावा." त्यांनी माझी पिशवी ओसरीवर उपडी केली. पंचा, सेल, पक्कड, आणि खणखण करत ती पितळी वाटी. मी तपासणीसाठी आणलेली. सगळ्यांच्या नजरा वाटीवर खिळल्या. आक्काचं तोंड उतरलं. मी वाटीचं प्रयोजन समजावून सांगू लागलो, आणि जसजसा सांगत गेलो तसतसं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

शेवटी ठरलं की मी नुसत्या बनियनवर, लेंगा वर दुमडून पाण्यात उतरायचं, खिसे उलटे करून. दाजी मागं मागं चालतील. पिशवी आणि वाटी सासूबाईंजवळ. कापड तपासताना मी जे करायचो तेच माझ्याबाबतीत चाललं होतं, फक्त मला कुणी पगार देत नव्हतं.

काठावर आबा भेटले. हे यंत्र आल्यापासून तेच एकटे त्याला हात लावून बघत होते. "पान्यातबी वाजतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाजतं. "किती खोल?" वीतभर. त्यांनी आपल्या पंजाची वीत करून ती बराच वेळ न्याहाळली. मला ते खटकलं. निर्दोष माणूस खोली कशाला विचारेल? पण दाजींवरचा संशय मी इतका पक्का करून ठेवला होता की आबांसाठी जागाच उरली नव्हती.

पाणी कोमट होतं, खाली गाळ. आक्का पुढं होऊन पायानं चाचपत सांगायची, "ही पडवी. हितं जातं व्हतं. हा उंबरा." तिच्या पायांना सगळं घर पाठ होतं. पहिली शिटी उतरली, दाजींनी हात घातला, निघाला दाराचा कोयंडा. मग खिळे. मग नांगराचा मोडका फाळ. प्रत्येक वेळी काठावरून "काय घावलं?" अशी आरोळी, आणि दाजी वस्तू उंच धरून दाखवायचे. मध्येच ट्रान्झिस्टरवर कांद्याचा भाव लागला आणि काठावरची मंडळी खिदळली.

देवघराच्या जागेला आलो तसे आबा धोतर वर खोचून पाण्यात उतरले. "तितं काय न्हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "तितं म्या झाडून काडलं व्हतं. स्वैपाकघरात बगा." मी स्वयंपाकघरात बघितलं. खुरप्याचं पातं. परत देवघराकडं वळलो. आबा माझ्या वाटेत येऊन उभे राहिले, कोपऱ्यातल्या एका दगडावर, आणि हलेनात. "खड्डा हाय हितं. पडचाल."

मी काठी त्यांच्या पायाजवळ टेकवली. शिटी चढली. मी कडं बाजूला नेलं, पूर्ववत झाली. परत आणलं, चढली. मी आबांकडं पाहिलं. ते पाण्याकडं बघत होते. मी म्हटलं, "आबा, जरा सरका." ते सरकले नाहीत. दाजींनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं, दगड हलवला आणि खाली हात घातला.

पितळी डबी निघाली. काळी पडलेली, लाखेनं तोंड बंद केलेली. मला आनंद व्हायच्या आधी काठावरून सासूबाईंचा आवाज आला, "बगा! म्हनलं न्हवतं? ह्यांनीच पुरलं आसनार!" माझे खिसे उलटे, हात रिकामे, मागं त्यांचाच लेक, तरीही! मी यंत्र पाण्यात आपटणार होतो.

तेवढ्यात आबा बोलले. "म्या पुरलं."

सासूबाई पाण्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"द्येव ह्या जाग्याचं," आबा म्हणाले. "बापानं, आज्यानं हितं पुजल्यालं. जागा बुडाय लागली तर द्येवानं पळून जायाचं व्हय? म्हून मी टाक हितं ठिवलं. आन् द्येव सुपारीत बोलावलं. तांदळावर मांडून, मंत्र म्हनून, पाच सुपाऱ्यांत पाच द्येव. ते वटीत दिलं. पूजा बांदताना आपन करतो की तसं. मला वाटलं, सुपारी बगितल्यावर तुमास्नी समजंल."

"मग बोलला का न्हाई?" दाजी ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"हिनं सुपाऱ्या भिरकावल्या," आबा बायकोकडं बघत म्हणाले. "द्येव कोंबड्यांच्या पायात पडलं. त्याच्यावर काय बोलू? आन् मागनं कुनी मला इचारलंच न्हाई. तुमी समदी हिलाच इचारत व्हता."

ते खरं होतं. कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि माझं तर कामच दोष शोधण्याचं. मला म्हाताऱ्याचा राग आला, तो आजही गेलेला नाही. देवांचा मान राखता राखता सुनेचा मान गेला हे त्यांना रोज समोर दिसत होतं, आणि तिनं थापलेली भाकरी ते रोज खात होते.

सासूबाईंनी डबी घेतली. नखानं लाख खरवडून झाकण काढलं आणि आधी मोजलं. पाच. परत एकदा मोजलं. मग पदरानं एकेक टाक पुसला, कपाळाला लावला आणि रडल्या. रडून झाल्यावर त्या काठावरच्या बायकांकडं एकदा बघून घेऊन आक्काजवळ आल्या. माफीचा शब्द त्यांच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं, पण आवाज मऊ होता. "ये गं. वटी पसर. थोरल्या सुनंनंच न्यायाचं आसतंय. घरला जाऊन दिवा लाव."

मला वाटलं, संपलं. आक्का पदर पुढं करील, आणि मी सोलापूरची संध्याकाळची गाडी पकडीन.

आक्कानं पदर कमरेला घट्ट खोचला. "आत्या, मोजलं नव्हं?" तिनं विचारलं.

"व्हय की. पाच हायेत."

"मग तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. वाटंत एक कमी भरला तर पुन्ना माजंच नाव." ती आबांकडं वळली. "आन् दिवा मामांनी लावावा. त्यांस्नी समदं येतंय."

आवाज जराही चढलेला नव्हता. सासूबाईंनी डबीचं झाकण लावलं. आबांनी तोंड फिरवलं. आक्का माझ्यापाशी आली, यंत्राची काठी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "चल, उन्हं चढल्याती. भाकरी खाऊन जा." ती त्या घरातच राहिली, पुढं कितीतरी वर्षं राहिली. म्हातारी, म्हातारा गेले, घर तिच्याच हाती आलं. देवघराला मात्र तिनं कधी हात लावला नाही. आता तिथं दिवा दाजी लावतात.