आठ पायांचा आयसी

"काका, आयसी तुम्हीच काढून टाका. तिला नुसतं बघू दे. ती काही बोलायची नाही."

मी काकांच्या घरी मागच्या पडवीत हात धूत होते, तिथे हे ऐकू आलं. बोलणारा दादा मुंबईत नोकरीला होता आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने बिनतारी सेटवर बोलण्याचा, नाद असलेल्या आमच्या सात-आठ जणांत सगळ्यात भारी सेट त्याचा होता. मनाने चांगला. माझ्या भल्यासाठीच म्हणत होता, आणि खोटंही म्हणत नव्हता. परीक्षा देऊन लायसन्स मिळालं त्याला आठ महिने झाले होते, तरी माइकचं बटण मी एकदाही दाबलं नव्हतं. घरी बाल्कनीत वायर बांधून नुसती ऐकत बसायचे.

पण आत टेबलावर उघडा पडलेला सेट माझा होता. आम्ही काही जणांनी मिळून मागवलेल्या, सुटे भाग जोडून बनवायच्या किटांमधला शेवटचा. त्यातला एकेक रेझिस्टर मी लावला होता. आवाजात सतत एक खरखर असायची आणि ती घालवायला आतला आठ पायांचा छोटा आयसी, म्हणजे चिप, काढून तिथे आयसी खोचायचा बेस बसवायचा, बेसमध्ये नवा, कमी खरखरीचा आयसी, एवढंच काम होतं. मात्र काढताना बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडली तर दुसरा बोर्ड मिळणार नव्हता. आणि दुसऱ्या कोणी काढला, तर सेट चालला असता, पण मला तो माझा वाटला नसता.

या कामासाठी मी दोन महिने तयारी करत होते, हे कोणाला माहीत नव्हतं. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून मेलेले बोर्ड आणले होते. पहिल्या चार बोर्डांची मी वाट लावली. मग सकर बदलला. सकर म्हणजे वितळलेलं सोल्डर, पार्ट बोर्डाला जोडणारा मऊ धातू, ओढून घेणारा स्प्रिंगचा पंप. पहिला घेतला होता तो प्लास्टिकचा आणि लांबलचक, बटण दाबलं की असा दणका द्यायचा की टोक बोर्डावर आपटायचं. दुसऱ्या वेळी दुकानात पाच-सहा सकर बोटाच्या टोकाला लावून दाबून पाहिले. दुकानदार म्हणाला, ताई, रक्त काढायचंय का? सगळ्यात आखूड, धातूचा, माझ्या मुठीत मावणारा घेतला.

सोल्डर टिपून घेणारी तांब्याची वात विकत मिळायची, पण कोरडी, काही पीतच नसे. लायब्ररीतल्या जाड इंग्रजी पुस्तकात उपाय होता: जुन्या केबलची तांब्याची जाळी राळेत बुडवा. राळ कुठून आणायची? आमच्या मजल्यावरचे अंकल चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचे. गजाला घासायच्या राळेचा तुकडा त्यांनी काही न विचारता दिला. तो स्पिरिटमध्ये विरघळवून मी माझी वात केली. ती सोल्डर असं पिऊन घ्यायची, की बघत राहावं.

तर त्या रविवारी गिरीजला, काकांच्या केळीच्या वाडीतल्या घरात, हात पुसत मी टेबलाशी आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात आधीच सोल्डरिंग आयर्न होतं. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि आयर्न मला दिलं.

मी आधी कटर उचलला आणि आयसीचे आठही पाय वरून कापून टाकले.

दादा कळवळला. "अगं, चांगला चालता आयसी!" काकांकडे काढलेला प्रत्येक पार्ट बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची पद्धत होती. चालता पार्ट कापणं त्या घरात पाप होतं. मला सांगायचं होतं की आयसी बाजारात पुन्हा मिळेल, बोर्ड मिळणार नाही. आठही पाय एकदम सोडवायला गेलं की जोर बोर्डावर येतो, सुटे पाय मात्र एकेक करून निघतात. हे सगळं मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत जुळवेपर्यंत वेळ निघून गेली, म्हणून चिमटा घेतला आणि काम सुरू केलं.

सात पाय सहज आले. चौथ्या नंबरचा पाय हलेना. तो अर्थिंगचा, तिथे तांब्याचा मोठा पत्रा, सगळी उष्णता तोच खाऊन टाकत होता. दादा म्हणाला, जरा जोर लाव, खेच. मी खेचलं नाही. आयर्नला रुंद टोक बसवलं, तापू दिलं आणि त्या पायावर आणखी नवं सोल्डर लावलं.

"काढायला बसलीय की लावायला?" दादा म्हणाला. काका हसले नाहीत. ते वाकून बघत होते.

नवं सोल्डर चमकलं, त्याने जुन्यालाही वितळवलं आणि पाय चिमट्याबरोबर अलगद वर आला. मग सकर, मग वात. आठ भोकं आरपार स्वच्छ, पलीकडचा उजेड दिसत होता. काकांनी भिंग लावून बोर्ड दोन्ही बाजूंनी पाहिला, बराच वेळ. मग म्हणाले, खात्यात तीस वर्षं काढली, असं स्वच्छ काम मोजक्या लोकांचं पाहिलं. दादाने बोर्ड हातात घेतला आणि वात कुठून आणलीस म्हणून विचारलं. त्याला एक वीत तोडून दिली.

बेस बसला, नवा आयसी बसला. नारळाच्या दोन झाडांमध्ये ताणलेली काकांची अँटेना लावली. खरखर गेली होती. रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर भेटणारी माणसं बोलत होती, कुणीतरी कोल्हापूरकडचं, कुणी नाशिकचं, आणि त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. एकाने विचारलं, गिरीजला आज कोण आहे?

सवयीने काकांचा हात माइककडे गेला. तो त्यांनी मध्येच थांबवला. दादा खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

माइक मी उचलला, बटण दाबलं, लायसन्सबरोबर मिळालेलं माझं कॉलसाइन सांगितलं. तेवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, "नमस्कार. गिरीजहून मी बोलतेय. सेट माझा आहे, आज त्याचं कामही मीच केलंय. तुम्ही सगळे अगदी स्वच्छ ऐकू येताय. मी कशी ऐकू येतेय, सांगा. ओव्हर."