रंगनाथ नानांची हिरवळ

रंगनाथ नाना कधी दार वाजवत नसत. खिडकीशी येऊन हलकेच खाकरायचे आणि आपण बाहेर येईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे. बीडमधल्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे ते सचिव आणि माझे शेजारी. दुष्काळात टँकरचं पाणी वाटून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. एरवी पुटपुटणारा हा माणूस संस्थेच्या बैठकीत मात्र खणखणीत बोलायचा, "पाणी समद्यांचं हाय. भांड्याचं, अंघोळीचं पाणी संडासाला ठिवा, झाडाला घालू नका." लोक ऐकत.

त्या उन्हाळ्यात एकदा ते खाकरले आणि म्हणाले, "मोटारसायकल काढतूस का? गवत कापायचं मशीन बघायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदाच मागच्या अंगणात नेलं. उंच भिंतीआड चार खाटा मावतील एवढी हिरवळ होती. नानांच्या बायकोला, गोदाकाकूंना, अर्धांगवायू होऊन गेला होता. डावा पाय ओढत त्या रोज तिथे अनवाणी चालायचा सराव करत. नाना आपल्या वाट्याच्या अंघोळीचं पाणी त्या गवताला घालत. विळ्याने कापलं की खुंट राहायचे आणि काकूंचं पाऊल अडायचं. माळ्याला बोलवावं तर तो बाहेर बोलणार.

"लोकाला सांगतो एक, करतो एक," नाना जमिनीकडे बघत म्हणाले. "लई लाज वाटती, बाबा."

दुकानात सगळीकडे पाण्याचे ड्रम रचलेले होते. मोटरवरच्या मशीनकडे नानांनी पाहिलंही नाही. हाताने ढकलायची दोन होती. पहिलं त्यांनी ढकललं आणि वाकून कान दिला. त्याची गोल फिरणारी पाती खालच्या पट्टीला घासून करकरत होती.

"लोक इचारतात कसं कापतंय," दुकानदार म्हणाला. "तुमी आवाजच ऐकत बसलाव."

"घरात आजारी माणूस हाय," नाना म्हणाले. ते खोटं नव्हतं, तरी त्यांचे कान लाल झाले.

दुसरं अरुंद आणि हलकं होतं. त्याची पाती पट्टीला टेकत नव्हती, नुसती सळसळ व्हायची. गवत वाढू न देता वरचेवर फिरवावं लागेल, असं दुकानदाराने बजावलं. नानांनी तेच घेतलं. गोणपाटात गुंडाळून आम्ही ते घरी आणलं.

मशीनचा आवाज खरंच भिंतीपलीकडे गेला नाही. पण कापलेल्या गवताचा वास गेला. गल्लीत टँकरची रांग लागली होती. त्या वासामागे गल्लीतल्याच अनुसयाबाई फाटक उघडून थेट मागच्या अंगणात आल्या. त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी.

अनुसयाबाई हिरवळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना, माजी तुळस वाळली. तुमीच सांगितलं व्हतं, झाडाला घालू नका."

नानांचे हात मशीनच्या दांड्यावरच होते. मी काही बोलणार, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. बायका निघून गेल्यावर मी विचारलं, "काकूंचं का नाही सांगितलंत?"

"तिच्या दुखण्याआड लपू व्हय मी?"

काकूंनी आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गवताला पाणी घालू दिलं नाही. संध्याकाळी टँकर आला तशा त्या काठी टेकत खडबडीत गल्लीत उतरल्या. चार पावलांवर तोल गेला. धरलं ते अनुसयाबाईंनी. मग रोज त्याच त्यांना हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवू लागल्या. नानांनी सचिवपद सोडलं. कुणी सोडा म्हटलं नव्हतं.

पाऊस आला, वर्षं गेली. नाना वारले तेव्हा अनुसयाबाई सगळ्यांच्या आधी आल्या. काकू त्यांना म्हणाल्या, "तुज्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या रस्त्यानं फिरून यायचे ते. गुडघे दुखायचे, तरी."



"मला वाटायचं," अनुसयाबाई म्हणाल्या, "नानांचा माज्यावर राग हाय."