भाचीचं ताट

मी बाल कल्याण समितीवर आहे. त्याआधी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजीतलं काहीही आलं की लोक माझ्याकडे ढकलतात. मागच्या हिवाळ्यात एका प्रशिक्षण संस्थेने असाच एक गठ्ठा पाठवला. आफ्रिकेतल्या देशांचे मुलांविषयीचे कायदे होते. आईबापाविना राहिलेलं मूल कुठे, कोणाकडे वाढवायचं, त्याबद्दलचे. मराठीत सारांश हवा होता. नवरा म्हणाला, "जळगावची पोरं संपली का? आता आफ्रिकेतली घेतलीस?" मी त्याच्यापुढे निवडायची मेथी ठेवली आणि कामाला लागले.

पहिली काही पानं सोपी गेली. मुलाला आधी नात्यातच ठेवा, संस्था शेवटी, हे आपल्याकडेही आहे. केनियाने तर नात्यातल्या घरी वाढणाऱ्या मुलांचा कायद्यात वेगळा उल्लेख केला आहे. तिथेही मावशी, आत्या, आज्या अशा मुलांना कागदाशिवाय सांभाळत आल्या आहेत. मग त्या सगळ्या देशांची मिळून एक सनद लागली आणि तिथे मी अडकले. त्यात मुलांच्या हक्कांबरोबर मुलांची कर्तव्यंही दिलेली होती. वयाला झेपेल तसं मुलाने घराच्या एकोप्यासाठी झटावं, मोठ्यांचा मान राखावा, गरज पडली तर त्यांना मदत करावी. त्याच सनदेत दुसरीकडे मुलांना राबवून घेण्याला मनाई. मदत कुठे संपते आणि राबणं कुठे सुरू होतं, ते काही मला त्या पानांत सापडलं नाही. मी त्या परिच्छेदाला पेन्सिलने खूण केली आणि पुढे गेले.

त्याच आठवड्यात धरणगाव तालुक्यातलं एक प्रकरण आमच्यापुढे आलं. अकरा वर्षांची मुलगी. आई वारली, बापाने सुरतेला दुसरा संसार मांडला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. ती चार वर्षांची असताना मामाने तिला घरी आणलं. दोन वर्षांपूर्वी मामाही गेला. आता ती मामीकडे राहत होती. शाळेने पालकत्वाचा कागद मागितला, तो कोणाकडेच नव्हता, म्हणून प्रकरण समितीकडे. मामी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते, तिची स्वतःची मुलगीही त्याच वयाची. प्रश्न एवढाच होता: ही मुलगी मामीकडे राहणार, की जळगावला बालगृहात जाणार.

गृहभेटीला आमची नवी कार्यकर्ती गेली होती. कोकणातली, हुशार, नोकरीला लागून चार महिने झालेले. तिचा अहवाल स्वच्छ होता. 'बालिकेस कुटुंबात पाहुण्यासारखी वागणूक. तिला आधी व वेगळे जेवायला वाढतात. घरातील कोणत्याही कामात सहभाग नाही. घरातील दुसरी मुलगी सर्व कामे करते. बालिका कुटुंबात मिसळलेली नाही.' शिफारस: बालगृह.

मी हसले. आमच्याकडे खानदेशात भाची म्हणजे मान. मामा-मामी तिच्या पाया पडतात, तिच्याकडून उष्टं ताट उचलून घेत नाहीत. कार्यकर्तीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, "अगं, हे परकेपण नाही, रीत आहे."

ती म्हणाली, "असेल मॅडम. पण सात वर्षं रोज?"

रीत मला सणासुदीची माहीत होती, चार दिवस राहायला आलेल्या भाचीची. घरातच वाढणाऱ्या भाचीचं काय करतात, ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बसने गेलो.

मामीने आम्हाला खाटेवर बसवलं. भाची खुर्चीत, धुतलेला फ्रॉक घालून, हात मांडीवर. मामीची मुलगी चहा गाळत होती आणि मामी तिच्यावर ओरडत होती. मी विचारलं, "हिला का नाही काही काम सांगत?"

"अक्का, भाची शे ती. तिना पाया पडतस आम्ही. तिले खरकटं कसं काढाले लावू?" आणि मग घाईने, "बठ्ठं काम मी करस. तिले काहीच सांगत नही. लिखा तसं."

तिला वाटत होतं, याच्याने आमचा कागद भक्कम होईल. तोच कागद तिच्याकडून मुलगी काढून घेणार होता.

सुनावणीत मुलीला एकटीला आत बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, "मामी कशी आहे?"

"चांगली शे."

"मारते? रागावते?"

"तिले रागे भरस," म्हणजे मामेबहिणीला. "माले कधीच रागे भरत नही."

अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली आणि लिहून घेतलं. मी मुलीचा चेहरा पाहत होते. ती तक्रार करत होती. निदान मला तसं वाटलं. मी विचारलं, "मग बालगृहात जायचंय?" तिने नाही म्हणून इतक्या जोरात मान हलवली की रिबीन सुटली.

आम्ही सहा महिन्यांसाठी मुलगी मामीकडे ठेवली, देखरेखीच्या अटीवर. बाहेर व्हरांड्यात मी मामीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तिला भांडी घासायला लाव. चुकली तर ओरड." मामी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू माझं डोकं फिरलंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. बालसंरक्षणाच्या खुर्चीवरून उठून मी एका मुलीला कामाला जुंपायला सांगत होते. अध्यक्षांना ते मी आजतागायत सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. सकाळची वेळ. दोघी मुली मोरीवर बसलेल्या. मामीचा आवाज गल्लीतच ऐकू आला: "माले काय देखस? तांब्या कोन घासी?" भाची राखेने माखलेल्या हातांनी तांब्या घासत होती आणि उलट बोलत होती. आम्ही दिसताच मामी घाबरली, तांब्या भाचीच्या हातातून ओढायला लागली. मुलगी सोडेना.

कार्यकर्तीने वही उघडली. "मॅडम, काय लिहू? काम करवून घेतात?"

"दिसलं ते लिही."

"रागावतात, हे पण?"

"ते पण."

"पण वाचणाऱ्याला हे चांगलं वाटेल की वाईट?"

एवढ्यात शाळेची वेळ झाली. भाचीने हात धुतले, दप्तर घेतलं, आणि आत्ताच तिच्यावर ओरडलेली मामी वाकून तिच्या पाया पडली. मुलीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती मामेबहिणीला "चाल ना वं" म्हणत पळाली.

शिफारशीच्या जागी कार्यकर्तीने लिहिलं, 'मामीकडेच ठेवावे.' मी खाली सही केली. कारणांचा रकाना तिने माझ्याकडे सरकवला. मी तीन ओळी लिहिल्या, दोन खोडल्या. राहिली ती ही: 'बालिका तांब्या सोडत नाही.' अध्यक्षांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, राहू द्या. आफ्रिकेचा सारांशही तसाच पडून आहे. सगळा झाला, फक्त पेन्सिलची खूण केलेला परिच्छेद राहिलाय.