वडशात घासलेलं चिनी पातं

आमच्या घरात पितळेचं एकही भांडं नव्हतं, तरी आईच्या हातांना सदा पितळेचा वास यायचा. वडशातल्या तांदूळ व्यापाऱ्यांकडे ती भांडी घासायची. त्याच कमाईवर मी शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

यंदा गडचिरोलीच्या एका कॉलेजनं प्राचीन चीनच्या कांस्य शस्त्रांवर बोलायला बोलावलं. आई पहिल्यांदाच माझं भाषण ऐकायला येणार होती. पुण्याहून निघताना विद्यापीठातल्या माझ्या सरांनी विभागातली एक नक्कल सोबत दिली. काठीला आडवं बांधायचं पातं, बुडाशी जबडा उघडलेला वाघ, अंगावर ढगांसारखी वळणं. वर जुनेपणाचा हिरवा थर, मुद्दाम चढवलेला.

नागपूरहून सुटलेल्या बसमध्ये कंडक्टरनं पिशवीत डोकावलं.

"कोयता आहे का जी, बाई?"

"चीनच्या शस्त्राची नक्कल आहे. मूळचं हजारो वर्षांपूर्वीचं."

"मंग जंग लागनारच न!"

ब्रह्मपुरी गेली, बोड्या (शेतातली छोटी तळी) मागे पडल्या, वैनगंगेचा पूल आला. घरी भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. जेवून मी जरा आडवी झाले.

उठले, तर अंगणात पातं लखलखत होतं. आई चिंच आणि राखेनं शेवटचा हात मारत होती.

"एवढ्या लोकायसमोर असं मळकट नेतं का वं? पाह्य, वाघाच्या मिशा बी दिसून राह्यल्या."

मी ओरडले. तेही पुण्याच्या भाषेत, शेजारणीसमोर. "तुला भांडी घासण्यापलीकडे काही कळतं का?"

आईनं नुसते हात धुतले. सकाळी म्हणाली, "तू जाय. माहं आंग दुखून राह्यलं." नेसायची साडी तिनं आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

गडचिरोलीच्या वाटेवर आरमोरीपुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल. माझं लक्षच नव्हतं. नव्यानं ओतलेलं कांसं पिवळंधमक असतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. ज्या शिपायानं असं शस्त्र खांद्यावर घेतलं, त्यानं ते हिरवं कधी पाहिलंच नसेल. कॉलेजातल्या मुलांना हेच सांगितलं. कोणी घासलं, तेही सांगितलं.

परतताना घरी उतरले. आई तांदूळ निवडत होती.

"आई, चुकलं माह्यं."

"सर रागावले त?"

"रागावू दे."

"मंग मी घासलं मनून सांगजो."

पुण्यात सरांनी ते पातं तसंच लखलखीत कपाटात ठेवलं. माझं गावाकडचं पहिलं व्याख्यान चांगलं झालं. आईनं ते ऐकलं नाही.