एक खोली, एक बाई, उघडं दार

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दर वर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दर वर्षी मी दुबईतल्या जुन्या दिवसांविषयी काहीतरी गोड लिहून देतो. अल मनखूलमधली पहिली खोली, सगळ्यांत मिळून एक कुकर, वगैरे. लोकांना आवडतं. या वेळी ते नाही.

या वेळी तीन बोटं.

ज्यांची मुलं तेव्हा आमच्या शारजाच्या शाळेत होती, त्यांना ती बोटं आठवत असतील. अल नहदाच्या टॉवरांच्या लॉबीत, लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसांसमोर तो उभा राहायचा, उजव्या हाताची तीन बोटं वर करायचा आणि म्हणायचा, "माझे मुद्दे तीन. एक खोली. खोलीत एक बाई. आणि खोलीचं दार उघडं." लिफ्ट यायच्या आत भाषण संपलेलं असायचं.

शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात, त्या निवडणुकीला तो उभा होता. बाकीच्या उमेदवारांच्या पत्रकांत स्विमिंग पूल, स्मार्ट बोर्ड, कॅन्टीन, बसचा एसी असं काय काय असायचं. याचं एवढंच. जी मुलं वर्गात गप्प बसू शकत नाहीत, ज्यांना बोलायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी एक खोली आणि शिकवायला एक बाई. दार उघडं अशासाठी, की ती मुलं तिथे कोंडली जाऊ नयेत, बाकीच्या मुलांत त्यांनी यावं-जावं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही.

तो दापोलीकडचा, खाडीकाठच्या गावचा. आजोबांपासून घरातले पुरुष आखातात. हा एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होता, बंदरावरून माल सोडवायचं काम. मंडळात त्याने कधी पद मागितलं नाही. गणपतीच्या दिवसांत हॉलबाहेर गाड्या लावून घ्यायचं काम मात्र त्याचं. "काका, आरती तुम्ही सांभाळा, गाड्या मी सांभाळतो. बाप्पाला डबल पार्किंग चालत नाही." घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी विनोद चालू. प्रसाद घ्यायला सगळ्यांत शेवटी आत यायचा.

कुठेही बसला, की शेजारची खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवायची त्याची सवय होती. मुलीसाठी. मुलगी बसायची नाही. दहाएक वर्षांची होती. डाव्या हाताचा तळवा भिंतीला लावून ती हॉलभर चालत राहायची, एक फेरी, मग दुसरी. नाटक चालू असताना स्टेजसमोरून गेली की लोक चुळबुळ करायचे. कोणी तिला धरायला उठलं, तर तो हळू आवाजात म्हणायचा, "फिरू द्या. फिरून येईल." आणि ती यायची. ओढून ठेवलेल्या खुर्चीवर टेकायची, त्याच्या शर्टाचं बटण धरून बघायची आणि पुन्हा भिंतीकडे निघायची.

आपल्या घरांत आपण मराठीत विचारतो आणि पोरं इंग्रजीत उत्तर देतात. त्याच्या घरी तसं नव्हतं. डॉक्टरने सांगितलं होतं, मुलीशी सगळ्यांनी एकच भाषा बोला. त्यांनी मराठी ठेवली. ती मोजकेच शब्द बोलायची, पण सगळे मराठी. 'चल.' 'नको.' 'पाणी दे.' एकदा आमच्याकडे जेवताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "अजून भात." बायको संध्याकाळपर्यंत तेच सांगत होती. आमच्या नातवाने तिच्याकडे कधी भात मागितला नव्हता, 'राइस' मागितला होता.

चौथीनंतर तिला ठेवणार नाही, असं शाळेने कळवलं होतं. दुबईत अशा मुलांची केंद्रं आहेत. तिथली फी ऐकल्यावर त्याने दिरहमचे रुपये करून बघणंसुद्धा सोडून दिलं. खोली झाली नाही, तर बायको आणि मुलगी गावी जाणार, हे घरात ठरलं होतं.

प्रचारात तो मला गाडीतून बरोबर न्यायचा. मी मंडळाचा अध्यक्ष. मी शेजारी दिसलो की लोक दोन मिनिटं थांबायचे. एकदा सिग्नलला मी त्याची फिरकी घेतली.

"अरे, तुझे मुद्दे तीन कुठे आहेत? एकच आहे तो."

"एक म्हटला की लोक म्हणतील, पोरीसाठी उभा राहिला."

"आणि नाहीस?"

तो हसला. मग हसू ओसरलं. "पोरीसाठीच उभा आहे, काका. तिच्या आईने कपाटावरच्या बॅगा खाली काढून ठेवल्यात. रोज त्यांना अडखळतो मी. पण हे फक्त तुम्हाला सांगतोय. बाहेर तीन बोटं."

सिग्नल हिरवा झाला होता, मागून हॉर्न वाजायला लागले. "यल्ला, यल्ला, जातो बाबा," तो आरशाकडे बघत म्हणाला.

मतदानाच्या थोडे दिवस आधी मोठ्या पॅनलच्या प्रमुखाने मला एका कॅफेटेरियात करक चहाला बोलावलं. माणूस गोड बोलणारा.

"अंकल, आदमी आपका अच्छा है. लेकिन स्पेशल क्लास का नाम सुनके पेरेंट्स डरते हैं. बोलते हैं, स्कूल का रिझल्ट गिरेगा. उसको छोडो. आप मराठी मांगो. छोटे बच्चों को हफ्ते में तीन पीरियड, और आपके फंक्शन के लिए ऑडिटोरियम. आपके व्होट हमको. खलास."

शाळेत मराठी यावी म्हणून मी किती वर्षं अर्ज करत होतो, ते मंडळातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. तेवढ्यासाठी लोक मला हसायचेही. आता ती टेबलावर ठेवलेली होती. 'विचार करून सांगतो' एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. चहा गरम होता तोवरच मी हो म्हणून बसलो.

मंडळाच्या सभेत मी पॅनलला पाठिंबा जाहीर केला. तो त्या दिवशी बंदरावर अडकला होता, सभेत नव्हता. मागून कोणीतरी विचारलं, "आणि आपला माणूस उभा आहे, त्याचं काय?"

मी म्हणालो, "त्याने मला स्वतः सांगितलंय, तो पोरीसाठी उभा आहे. त्याच्या घरचा प्रश्न आहे तो. मराठी सगळ्यांची आहे."

टाळ्या पडल्या. मी पार्किंगमधल्या गाडीपर्यंत पोचायच्या आत ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. लॉबीत त्याने बोटं वर केली, की लोक आता लिफ्टच्या दाराकडे बघायला लागले.

मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती. पॅनल निवडून आलं. त्याची मतं मोजायला वेळ लागला नाही. मुलगी भिंतीला हात लावून फिरत होती. तो माझ्याकडे आला. मी भांडणाची तयारी ठेवली होती. संस्था, समाज, व्यापक हित, सगळे शब्द जिभेवर होते.

"काका, मराठी आली ना शाळेत? चांगलं झालं." मग तो म्हणाला, "ते गाडीत बोललो होतो."

एवढंच. आवाज चढला नाही. मुलीची फेरी पुरी होईपर्यंत तो उभा राहिला आणि तिला घेऊन गेला.

बायको आणि मुलगी एप्रिलमध्ये गावी गेल्या. मी विमानतळावर गेलो नाही. त्याने अल नहदाचा फ्लॅट सोडला आणि फुजैराला एका तेलाच्या टर्मिनलवर नोकरी धरली, राहणं कंपनीच्या खोलीत. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. तो फोटो परवापरवापर्यंत आमच्या हॉलमध्ये होता. मराठीच्या तासाला पहिल्या वर्षी बरीच मुलं होती. पुढे ती कमी होत गेली, आणि एक दिवस मुलंच नाहीत म्हणून तास बंद झाला. माझ्या नातवाने फ्रेंच घेतलं.

गावी गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात ती मुलगी गेली. त्यांच्या घरामागे चिऱ्यांचा गडगा आहे, दगडांची बुटकी भिंत, ती उतरत उतरत खाडीपर्यंत जाते. आई आत जेवण वाढत होती. मुलगी घराच्या भिंतीला हात लावून निघाली, भिंत संपली तिथे गडगा लागला, आणि ती चालत राहिली. आईने लगेच शोधलं नाही. रोज फिरून यायचीच. मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यांत माझेही दोन हात होते.

शाळेत आता ती खोली आहे. नातवाच्या गॅदरिंगला गेलो होतो तेव्हा पाहिली. तळमजल्यावर, जमिनीवर रंगीत मॅट, आणि एक नाही, दोन बाई. आजूबाजूचे पालक म्हणत होते, किती गरजेचं होतं हे. दार उघडं होतं. मी आत गेलो नाही.

तो आता इथे नाही. व्हिसा रद्द करून निघून गेला, गावी राहतो म्हणतात. त्याचा इथला नंबर बंद आहे. तिकडचा मिळवणं अवघड नाही, कोणालाही विचारला तर मिळेल. मी विचारलेला नाही. त्यामुळे फुजैराची भेट शेवटची ठरली.

मुलगी गेल्याच्या बातमीनंतर काही महिन्यांनी मुलाची गाडी घेऊन मी एकटा फुजैराला गेलो. डोंगरातल्या रस्त्यावर काचा बंद करून मोठ्याने म्हणत होतो, 'तू विश्वासाने सांगितलेलं वाक्य मी सभेत वापरलं. मराठीसाठी मी तुझ्या पोरीची खोली दिली. मला माफ कर.' बोगद्यात म्हटलं, उतारावर म्हटलं. पाठ झालं होतं.

टर्मिनलच्या फाटकाजवळ एक छोटं कॅफेटेरिया आहे, तिथे तो आला. कामाचे बूट, हातात हेल्मेट. केस पार पिकले होते. बसण्याआधी त्याने शेजारची खुर्ची थोडी बाहेर ओढली. मग तिच्याकडे बघितलं. परत आत सरकवली नाही.

चहा आला. त्याने माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातू कितवीत आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्याने रिकामा कप बाजूला सरकवला.

"काका," तो म्हणाला, "एवढ्या लांब आलात. काही बोलायचं होतं का?"

माझ्यासमोर ती खुर्ची होती.

"नाही रे," मी म्हणालो. "सहज आलो होतो."