गयामावशींना कोण विचारणार?

गयामावशी कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की उंबऱ्याशीच बसत आणि घरातल्या बाईला विचारत, "निवडायला काय हाय का वं?" सूप आलं, धान्य आलं, की चष्मा नाकावर ओढून कामाला लागत. गोळ्यांच्या नादी लागलेल्या ज्या माणसासाठी त्या आलेल्या असत तो आत गोधडी ओढून पडलेला असे, नाहीतर मागच्या दाराने सटकलेला असे. त्याच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "रिकाम्या हातानं बसलं की आपुन पंच वाटतो," त्या आम्हाला सांगायच्या. "पंचापुढं कोन खरं बोलंल? हात कामात ठिवा, मंग तो बोलतो." आमच्या गल्लीतल्या बायका तर उघड म्हणायच्या, गोळी सुटो न सुटो, गहू तरी निवडून होतो.

आमच्या घरी त्या आल्या त्या माझ्यासाठीच. मी हिंगोलीत एका औषधाच्या दुकानात कामाला होतो. मोंढ्याच्या बाजारातले हमाल, ट्रकवाले, पाठीने बेजार झालेली माणसं दुखण्याच्या जालीम गोळ्या चिठ्ठीशिवाय मागायची आणि मी द्यायचो. एकदा माझी दाढ ठणकत होती म्हणून मीही एक घेतली. पुढे दाढ काढली, गोळी मात्र चालूच राहिली. वर्षभरात ती दिवसाला दहा-बारावर गेली. मग एका सकाळी मालकाने मला कपाटापाशी पकडलं आणि हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. आईने कुणाकुणाला विचारून मावशींना बोलावून घेतलं.

मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, पायांची हाडं कुणी पिळतंय असं वाटत होतं. मावशींनी दोन तासांत ज्वारी निवडली, चहा घेतला आणि उठताना आईला म्हणाल्या, "उद्या तूर बघू." दुसऱ्या दिवशी तूर झाली. तिसऱ्या दिवशी घरातलं निवडण्याजोगं सगळं संपलं, तेव्हा मलाच काहीतरी बोलणं भाग पडलं. मी म्हणालो, "मावशी, उगाच तकलीफ घेता. मी काही सुटणार नाही." त्यांनी सुपातला शेवटचा खडा अंगणात भिरकावला. "सोडवायला कोन आलंय? तू हायेस का न्हाई ते बघाया आले. हायेस. उद्या केंद्रात चल."

मी त्या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या चौथ्या दिवशीही येऊन बसतील याची धास्ती वाटली असावी.

मावशी स्वतः त्याच वाटेने आलेल्या होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा लहान. मोंढ्यात हळदीच्या गोदामात दाभण घेऊन पोती शिवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. वाकून वाकून कंबर गेली. कुणीतरी एक कॅप्सूल दिली. "पहिल्या दिशी वाटलं, कंबर माझी न्हाईच, दुसऱ्याच बाईची हाय," त्या सांगायच्या. पुढची सात वर्षं त्या कॅप्सूलवर गेली. मग केंद्रात रोज येऊन जिभेखाली ठेवायची औषधाची गोळी, ती हळूहळू कमी करणं, मध्येच घसरणं, पुन्हा येणं, हे सगळं त्यांनी केलं. ज्यांनी भोगलंय त्यांनीच पुढच्याला हात द्यायचा असं केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवलं, तेव्हा पहिली साथी गयामावशी झाल्या. पुढे आम्ही सहा जण त्यांच्या हाताखाली आलो आणि त्या आमच्या म्होरक्या झाल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई सहा बाप्यांना कामाला लावते, याची सुरुवातीला मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

त्यांचा आम्हाला शिकवण्याचा प्रकार म्हणजे बहुतेक बोलणीच असायची. आमच्यातले जावेदभाई पूर्वी ट्रक चालवायचे. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यांवर अफूच्या बोंडांचा भुगा चहात मिळायचा, त्याच्यावर त्यांनी पंधरा वर्षं गाडी हाकली होती. ते सुटले आणि त्यांना बोलण्याची बाधा झाली. नाक्यावर एका ड्रायव्हरला त्यांनी तासभर उपदेश केला आणि खुशीत येऊन मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "भाषन झालं, झ्याक झालं. त्यानं जेवन केलं होतं का?" जावेदभाईंना ते ठाऊक नव्हतं. "मंग जा परत. आधी इचार." आणि जावेदभाई भर उन्हात परत गेले.

विचारण्याबद्दल मावशी फार कडक होत्या. 'बरं आहे का' हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. "बरं हाय का म्हनलं की मानूस बरंच हाय म्हनतो. त्यात त्याचा काय दोष? तू तसंच इचारलंस." आम्ही प्रत्येकाला, प्रत्येक भेटीत, तोंडाकडे बघून सरळ विचारायचं: आज घ्यावीशी वाटली का? जमीनदार असो, हमाल असो, स्वतःचा मामा असो, शब्द तेच. दर सोमवारी आमच्या बैठकीत हाच प्रश्न आम्ही एकमेकांना विचारायचो. गोल करून बसायचं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारत जायचं. शेवटी प्रश्न मावशींपाशी यायचा. तिथे मात्र विचारणारा हसायचा, "मावशी, तुम्हाला काय विचारायचं!" म्हणायचा आणि सगळे चहाकडे वळायचे. मावशीही हसायच्या. हे कित्येक वर्षं असंच चाललं आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

मग अपघात झाला. गाडी मी चालवत होतो. नरसीकडून परत येताना कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, मला फक्त खरचटलं आणि मागे बसलेल्या मावशींच्या खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन करावं लागलं. भरती होताना वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, मला सात वर्सं ह्या गोळ्यायची सवय होती. दुखण्यावर द्याचं ते बराबर द्या, पर माझ्या हातात देऊ नका." डॉक्टरांनी ऐकलं. घरी सोडताना मोजक्या दिवसांच्या जालीम गोळ्या दिल्या त्या सुनेच्या, शोभाच्या हातात. त्यानंतर साध्या गोळ्यांवर यायचं आणि उरलेल्या केंद्रात जमा करायच्या, असं त्यांनी बजावून सांगितलं.

दुखणं अपेक्षेपेक्षा लवकर कमी झालं. आठ गोळ्या उरल्या. मी दररोज संध्याकाळी जायचो. अपराधी वाटायचं म्हणून कधी मोसंबी न्यायचो, कधी नुसताच जायचो. खुब्याची चौकशी, वॉकरची चौकशी, त्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी व्हायची. आणि निघताना मी विचारायचो, "बरं आहे ना मावशी?" त्या म्हणायच्या, "बरं हाय." आठ वर्षं औषधांच्या दुकानात काढलेला मी, पण उरलेल्या गोळ्या कुठे आहेत हे मी शोभाला एकदाही विचारलं नाही. मावशींच्या घरात तसं विचारणं मला पाप वाटलं.

पुढे एका सोमवारी मावशी वॉकर टेकत, शोभाला घेऊन बैठकीला आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. गोल झाला, प्रश्न फिरत फिरत आला. मावशींच्या शेजारी मी होतो. मी नेहमीसारखा हसलो. "मावशी, तुम्हाला काय..."

"इचार," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करतायत.

"इचार म्हनलं ना, दिलीप. माझ्या तोंडाकडं बघून."

वयाने, मानाने मोठं माणूस. ज्या बाईने मला भिंतीकडून वळवलं, तिला हे कसं विचारायचं? कसाबसा म्हणालो, "मावशी, आज घ्यावीशी वाटली का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "आज वाटली, काल वाटली. धा दिस झाले, वाटूनच राहिलं." त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "आठ होत्या. शोभेला म्हनलं, दे, मी केंद्रात जमा करते. तिनं दिल्या. मला कोन न्हाई म्हनंल? सहा हायेत. दोन मी घेतल्या. दुखत होतं म्हून न्हाई. दुखत नव्हतं तवा घेतल्या."

शोभा दाराशी उभी होती, ती रडायला लागली. "आत्याबाई, मला काय माहीत..."

"तुझं काय चुकलं न्हाई, लेकरा," मावशी म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे वळल्या. "रोज येत होता तू, दिलीप. मी वाट बघून राहिले होते, आज इचारंल, उद्या इचारंल. तू कुत्र्याचं इचारलंस. मला काहून इचारलं न्हाई? मी काय देव हाय का? देवाला गोळी लागत न्हाई, मला लागते." त्या वेळी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा दुकानातून हाकललं तेव्हाही आला नव्हता.

जावेदभाईंनी दार लोटून घेतलं. "मावशी, ये बात यहीं रहने दो. बाहेर कळलं तर लोकं हसतील. केंद्राचं नाव जाईल." आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. मावशींनी त्यांना दार उघडायला लावलं. बाहेरच्या बाकांवर औषधासाठी तीसेक माणसं बसलेली होती. वॉकर टेकत त्या तिथे गेल्या, काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि बाकावरच्या एका हमालाला म्हणाल्या, "सरक जरा." सरकून झालेल्या जागेवर त्या बसल्या. पलीकडे कुणीतरी खरंच हसलं. दोन-तीन माणसं त्या आठवड्यात यायची बंद झाली, तीही आमच्या नावाने बोटं मोडत. मावशींनी त्यांच्या घरी मलाच पाठवलं.

साथींचं काम मावशींनी जावेदभाईंवर सोपवलं आणि स्वतःचं नाव साथींनी रोज भेटायच्या माणसांच्या यादीत घातलं. "माझ्याकडं दिलीप येईल," त्यांनी जाहीर केलं. "ज्यानं इचारलं न्हाई, त्यानंच आता रोज इचारायचं." मी गयावया केली, दुसऱ्या कुणाला द्या म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर मावशी तीन वर्षं जगल्या. सहा महिन्यांनी साथी म्हणून परत फिरू लागल्या. म्होरक्या मात्र झाल्या नाहीत, आम्ही पायाशी बसलो तरी. गेल्या त्या हृदयाच्या झटक्याने, दुपारच्या झोपेत. त्या दोन गोळ्यांनंतर तिसरी त्यांनी घेतली नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण विचारत मी होतो. त्यातला एक दिवस लिहायचा राहिला तर मावशी लिहिल्यासारख्या होणार नाहीत.

यादीत येऊन त्यांना महिना झाला होता. सकाळी दहाच्या सुमारास मी गेलो, विचारलं. "न्हाई वाटली आज," मावशी म्हणाल्या आणि लगेच माझ्या आईची चौकशी करायला लागल्या. मी उत्तर दिलं, उठलो, चपला घातल्या, अंगणात आलो. फार पटकन बोलल्या होत्या. मी चार वेळा मनाला समजावलं की मोठं माणूस आहे, आपण फाजीलपणा करू नये. मग मागे वळलो आणि दारातून म्हणालो, "मावशी, तुमी खोटं बोलून राहिलात."

आतल्या खोलीत शोभाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की आता वॉकर फेकून मारतात. मारला असता तर मी खाल्ला असता. मग त्यांची नजर खाली गेली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर शोभेला मेडिकलात धाडनार होते. कंबर धरली म्हून सांगून." "बस दिलीप. जाऊ नगं."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. जावेदभाईंना फोन करून माझी त्या दिवसाची घरं त्यांच्याकडे दिली. तेवढ्यात मावशींनी मान वळवली आणि मोंढ्यातल्या गोदामात हाक मारावी तशा आवाजात ओरडल्या, "शोभे! मी आज मेडिकलात जा म्हनलं तर जाऊ नगं! रडले तरी जाऊ नगं!" शोभा आतून "जी" म्हणाली. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी तेच पुन्हा एकदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा सांगितलं, आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा मोठा होता. शेजारची दोन्ही घरं बाहेर आली.