सुझानाच्या विहिरीवरचा उंबर

सुझानाच्या विहिरीचं पाणी वाडीत कोणी पीत नसे. तरी त्या पाण्यावाचून वाडीतलं एकही लग्न लागत नसे.

ठाण्याच्या तलावाकडून खाडीकडे उतरताना किरिस्तांवांची ती वाडी लागायची. कौलारू घरं, मधे लाकडी क्रूस, पलीकडे भातखाचरं. सुझानाचं घर सगळ्यांत शेवटी. आवारात विहीर आणि विहिरीला टेकून उंबर, दोघांच्या कवेत न मावणारा. फळं लगडली की पाण्यात गळायची, कुजायची. पाण्यावर किड्यांचा थर धरायचा. बाया नाक मुरडून म्हणायच्या, "हे पाणी नवऱ्यानं न्हायचं गो, प्यायचं नाय."

चालच तशी होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाच्या घरच्या बाया वाजतगाजत उंबराखालच्या विहिरीवर जात. काठावर मेणबत्ती लावत. पाण्यात चिमूटभर तांदूळ, घोटभर दारू सोडत. गाणी म्हणत कळश्या भरत. सकाळी त्या पाण्यानं नवऱ्यामुलाची अंघोळ. त्याला उंबराचं पाणी म्हणत. आणि वाडीत उंबर एकच होता.

सुझाना त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा पोरच होती. नवरा लिओ माडी काढायचा. एका सकाळी माडावरून पडला आणि गेला. पुढं पटकीच्या साथीत दोन्ही मुलं एका आठवड्यात गेली. त्यानंतर तिनं कोंबड्या पाळल्या, लोकांचं भात कांडलं. माणसं यायची, अंडी न्यायला. दारात उभं राहून अंडी घ्यायची, दारातूनच परतायची. कोणी वाईट वागत नव्हतं. कोणी बसत नव्हतं, एवढंच.

उंबराच्या पाण्याची संध्याकाळ निराळी. आवार माणसांनी भरून जाई. पोरं कोंबड्यांमागं धावत. कोणी न विचारता तिच्या चुलीतला निखारा विडीला लावी, कोणी तिच्या खाटेवर अंग टाकी. ते न विचारणं तिला फार आवडे. वाजंत्री गेल्यावर ती खाट तशीच वाकडी ठेवायची. दोन दिवस सरळ करायची नाही.

उंबरानं घर पोखरायला सुरुवात केली होती, हे तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघराची जमीन फुगली. चूल कलंडली. मग एका पहाटे विहिरीच्या कठड्याचे चार दगड धाडकन आत पडले. विश्राम गवंडी आला. त्यानं भेगेत हात घातला आणि मनगटाएवढं मूळ दाखवलं.

"आजी, हे झाड तरी ठेवा, नायतर घर तरी. दोन्ही नाय राहायचं. पावसाळा लागला की भिंत खाली येईल."

"फांद्या उतरवल्या तर?"

"फांद्या काय करतायत? खाल्ली भिंत ती मुळांनी."

नाताळानंतरची लग्नं उरकेपर्यंत सुझाना गप्प राहिली. मग उपासाचे दिवस सुरू झाले. ईस्टरपर्यंत आता लग्न नाही. तेव्हा ती थेल्माकडे गेली. थेल्मा वाडीतली गाणारी बाई. ती पहिली ओळ उचलायची, मग बाकीच्या. उंबराचं पाणी कधी, कुठून, हे तिच्याच तोंडून ठरे. ईस्टरनंतर तिच्याच नातवाचं, जेराल्डचं लग्न होतं.

थेल्मा सुकी मच्छी निवडत होती.

"उंबर पाडायचं म्हणतंय मी," सुझाना म्हणाली. "घर पडतंय माजं."

"मग पाड गो. घरापरीस झाड मोठं?"

"पण तुमी याल ना? पाण्याला?"

थेल्मानं वर पाहिलं. "येडी का काय तू? विहीर काय चालत जातंय कुठं? येऊ की. तुज्या आवारात नाचल्याबिगर माजा जेराल्ड नवरा होईल?"

सुझाना हसली. परत येताना तिनं वाटेत क्रूसाला हात लावला.

लाकूडतोड्या धोंडीबानं झाड बघितलं आणि कुऱ्हाड खांद्यावरून काढलीच नाही. "दत्ताचं झाड हाय, आजी. सोनं दिलंस तरी नाय." शेवटी वाडीतला लिनो तयार झाला. उंबराचं लाकूड पाण्यात सडत नाही, त्याला आपल्या विहिरीच्या तळाला चौकट हवी होती. खोड त्याचं, फांद्या ज्याला लागतील त्याच्या, असं ठरलं.

पाडायच्या दिवशी सगळी वाडी लोटली. दोर बांधून एकेक फांदी उतरवली. घाव पडेल तिथून पांढरा चीक गळत होता. पोरं त्यात बोटं बुडवून एकमेकांना फासत होती. बाया काटक्यांच्या मोळ्या बांधत होत्या. लिनो वरून ओरडत होता, "स्टेला, बाजूला हो गो, नवऱ्याला काय सांगू मी?" खालून स्टेला म्हणाली, "सांग, सुटलास!" सुझाना माडी आणि उकडलेली अंडी वाटत फिरत होती. इतकी माणसं तिच्या आवारात लग्नालाही आली नव्हती.

थेल्मानं एक सरळ, दंडाएवढी फांदी निवडली. "ही मना दे. जेराल्डच्या मांडवाची मेढ."

"ने ना. विचारतेस काय?"

मांडवाची पहिली मेढ उंबराचीच लागे. सुझानाला बरं वाटलं. आपल्या झाडाचं काहीतरी त्या लग्नात उभं राहणार.

संध्याकाळी सगळे गेले. आवारात एवढा उजेड तिनं कधी पाहिला नव्हता. घराची मागची बाजू उघडी पडल्यासारखी वाटत होती. तिला स्वतःच्या आवारात उभं राहायला संकोच वाटला.

विश्रामनं कठडा नवा बांधला, गाळ उपसला, भिंतीतली मुळं तोडली. "इथं माड लावा," तो म्हणाला. "त्याची मुळं केसासारखी. भिंत फोडत नाय." तिनं बाजारातून कोंब आलेला नारळ आणला आणि विहिरीपासून अंतर राखून लावला. पाणी हळूहळू निवळलं. तिनं घोट घेतला. गोड होतं. तिनं अंडी न्यायला आलेल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो का? छान." आणि अंडी घेऊन गेले.

ईस्टर झाला. जेराल्डच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं पहाटे आवार सारवलं. कठड्यावर मेणबत्ती ठेवली. खाट बाहेर काढली.

दुपारी मागच्या दारानं थेल्मा आली. बरोबर स्टेला आणि दोन पोरी, डोक्यावर रिकाम्या कळश्या.

"सुझाना, पाणी दे गो. घाई हाय."

"आत्ता? वाजाप तर सांजेला ना?"

थेल्मानं स्टेलाकडं पाहिलं. स्टेलाच बोलली. "आमची विहीर आटली बघ. तळाला खडक दिसतंय. थोडं ओतलं तर सांजेपर्यंत राहील. रिकामी कळशी कशी वर काढायची?"

"तुमच्या विहिरीतनं कशाला काढायची?"

"ती मेढ," थेल्मा म्हणाली. "वाळून चिरू नये म्हणून स्टेलाच्या विहिरीकडं चिखलात रोवून ठेवलेली. तिला पालवी फुटली गो. कोवळी, लाल. उपटायला कोणाचा हात धजेना. म्हणतात देवानंच दाखवलं, उंबर आता इथं. मी एकटी काय बोलू? मांडवाला दुसरी मेढ आणली भाइंदरवरनं."

"तू बोललेलीस येऊ म्हणून."

"बोललेली. पण उंबराचं पाणी उंबराबिगर कसं काढायचं? तूच सांग."

सुझाना कठड्याला हात लावून उभी राहिली. विहीर भरलेली होती. नाही म्हटलं तर संध्याकाळी त्यांना इथंच यावं लागेल, हे तिला कळत होतं. थेल्मालाही कळत होतं. म्हणून ती वर बघत नव्हती.

"कळश्या आणा," सुझाना म्हणाली.

दोर तिनं दुसऱ्या कोणाला दिला नाही. एकेक कळशी हळू काढली. कळशी काठोकाठ भरली नाही की पुन्हा आत सोडली. पोरींना नवरीचं गाव विचारलं, पातळाचा रंग विचारला. स्टेलाला गुडघेदुखी विचारली. पोरी पाणी ओतून परत यायच्या, की पुन्हा हळू दोर सोडायची. थेल्मा खाटेवर टेकली होती. एकदा म्हणाली, "गोड झालं हां तुजं पाणी." सुझाना म्हणाली, "बस की. आणखी काढते."

"नको गो. पुरे आता. उशीर होतंय." उठताना थेल्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू पण ये."

"येईन."

ती गेली नाही. संध्याकाळी वाजाप सुरू झालं. आधी क्रूसाकडून, मग स्टेलाच्या घराकडून. थेल्मानं पहिली ओळ उचलली. बाकीच्या मागून आल्या. हशा झाला. कोणीतरी विहिरीत पडता पडता वाचलं असावं. सुझाना ओट्यावर बसून होती. मेणबत्ती लावली नव्हती.

अंधार पडता पडता एक ढोलवाला आवारात शिरला. वाजंत्री कल्याणचे होते, दुपारच्या गाडीनं आलेले. वाडी त्याला नवी होती. "आजी, पाणी मिळेल का? तिथं सगळं गढूळ हाय."

तिनं लोटा भरून दिला. तो उभ्यानं गटागटा प्याला.

"आणखी घे."

त्यानं आणखी घेतलं.

"बस ना जरा. आणखी आहे."

"पोट फुटेल, आजी. ढोल कोण वाजवील मग?" तो हसला, तोंड पुसलं आणि पळत गेला.

सुझाना थोडा वेळ लोटा हातात धरून बसली. मग उठली. विहिरीतून एक कळशी काढली, ओट्याच्या कडेला ठेवली, वर लोटा पालथा घातला. आवाराचं फाटक तिनं सताड उघडलं आणि पुन्हा येऊन बसली.